श्राव्यातीत ध्वनी ऐकू आला तर?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: 'घरात उंदीर पळवणारं यंत्र लावलंय. खोक्यावर अल्ट्रासॉनिक असं छापलंय, पण धाकट्या भावाला त्याची बारीक शीळ ऐकू येते. मग त्या आवाजाला श्राव्यातीत कसं म्हणायचं? स्वनातीत म्हटलं तर चालेल का?'

स्वनातीत नको. तो शब्द वेगाचा. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाला तो लागतो. इथे मुद्दा वारंवारतेचा, म्हणजे सेकंदाला किती कंप (हर्ट्झ) होतात त्याचा आहे. श्राव्यातीत म्हणजे ऐकण्याजोग्या टप्प्याच्या पलीकडचा, 20,000 हर्ट्झच्या वरचा. आपल्याकडे कन्नडमधून 'श्रवणातीत' कानावर पडतो, तोही खुशाल वापरावा.

आता भावाचं. 20,000 ही निरोगी, तरुण कानाची ढोबळ मर्यादा आहे. वय वाढेल तशी ती खाली येते. उतारवयात 12,000 हर्ट्झसुद्धा ऐकू येणं कठीण होतं. यंत्र 18,000 च्या आसपास वाजत असेल, तर ते मुलाला ऐकू येईल आणि आजोबांना येणार नाही. तसं असेल तर चुकलंय ते खोक्यावरचं विशेषण, मुलाचा कान नव्हे.

पण या शब्दाची खरी परीक्षा पुढेच आहे. हवेतून आलेले इतके वरचे कंप मध्यकर्णातून जवळजवळ पुढे जातच नाहीत. कंप पावणारं साधन कानामागच्या हाडाला टेकवलं, तर मात्र 20,000 च्या बरेच वरचे कंपही माणसाला ऐकू येतात. हे 1950 च्या सुमारासच नोंदलं गेलंय. 1991 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला: बोलणं अशा कंपांवर चढवून हाडावाटे ऐकवलं, तर काही बहिऱ्या व्यक्तींनाही त्यातले शब्द ओळखता आले! मात्र 30,000 काय नि 50,000 काय, कानाला सगळं एकाच उंच, बारीक स्वरासारखं भासतं. पट्टीतला फरक फारसा कळत नाही. म्हणून व्याख्या लिहिताना 'माणसाला जाणवत नाही असा ध्वनी' लिहू नका. 'हवेतून सहसा ऐकू न येणारा' हे बरोबर.

तुमच्याच तालुक्यातलं एक उदाहरण देतो. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या नमुन्यावरून 1913 मध्ये रॉटनच्या मोकळ्या शेपटीच्या वटवाघळाची जात विज्ञानाला माहीत झाली. वटवाघळाची हाक आपण सरसकट श्राव्यातीत म्हणतो. पण मोकळ्या शेपटीच्या काही जातींची हाक 20,000 च्या खाली असते आणि तीक्ष्ण कानाला ती टिकटिक ऐकू येते. तेव्हा तिथेही जात आणि आकडा पाहूनच हे विशेषण लावावं.