उपाशी सैन्याला कोंडावं की वाट द्यावी?

प्रश्न : घेरलेल्या शत्रूला पळायला वाट ठेवावी, असा सल्ला रोमन युद्धशास्त्रात आहे असं वाचलं. मग रोमन सेनापती सीझरने आलेसियात (आजच्या फ्रान्समध्ये) गॉल शत्रूला चहूबाजूंनी का कोंडलं?

उत्तर : सल्ला खरा आहे. युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या वेगेटियसने तो रोमन सेनापती स्किपिओच्या नावावर नोंदवलाय. सुटकेची आशा संपली की भित्रा माणूसही जिवावर उदार होतो. वाट दिसली की त्याचं लक्ष पळण्याकडे लागतं, आणि पळणाऱ्याची पाठ उघडी पडते. पण हे हातघाईच्या लढाईला लागू आहे. मध्ये खंदक आणि तट असले आणि मारण्याचं काम भुकेवर सोपवलं असलं, तर हिशेब बदलतो. आलेसियात (इ.स.पू. 52) सीझरने आतल्या बाजूने 11 रोमन मैलांची आणि मदतीला येणाऱ्या फौजेला अडवण्यासाठी बाहेरून 14 मैलांची तटबंदी उभारली. रोमन मैल म्हणजे सुमारे दीड किलोमीटर. शिवाय आपल्या लोकांना 30 दिवसांचं धान्य आणि वैरण आधीच गोळा करायला लावली. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वेढा घालणारासुद्धा एका जागी अडकतो, आसपासचं धान्य संपवतो आणि तयारी नसेल तर आधी तोच उपाशी पडतो.

पण हा विषय खरा समजून घ्यायचा तर आलेसियापेक्षा इलेर्दा पाहावं (इ.स.पू. 49, हिस्पानिया म्हणजे आजचा स्पेनकडचा भाग). तिथे आधी सीझरच कोंडीत सापडला. सिकोरिस नदीला पूर आला, दोन्ही पूल वाहून गेले, रसद पलीकडे अडकली. छावणीत एका मोदिउस धान्याचा, म्हणजे जेमतेम पावणेनऊ लिटरचा, भाव 50 देनारियसवर (रोमन चांदीची नाणी) गेला. ब्रिटनमध्ये पाहिलेल्या पद्धतीच्या नावा त्याने करून घेतल्या : कणा आणि फासळ्या हलक्या लाकडाच्या, बाकी अंग वेतासारख्या फांद्या विणून वर कातडं चढवलेलं. रात्री गाड्यांवर घालून त्या छावणीपासून 22 मैलांवर नेल्या, पलीकडची टेकडी ताब्यात घेतली आणि पूल बांधला.

मग डाव उलटला. यादवी युद्धात सीझरचा प्रतिस्पर्धी असलेल्या पॉम्पीचे सरदार आफ्रानियस आणि पेट्रेयस एब्रो नदीकडे निघाले. सीझरने डोंगरातल्या वाटा आधी गाठून त्यांना अडवलं. त्याचे सैनिक लढाईसाठी आग्रह धरून बसले. अशी संधी सोडलीत तर पुढे तुम्ही सांगाल तेव्हा आम्ही लढणार नाही, असं उघड बोलू लागले. तो बधला नाही. धान्य तोडून काम होत असताना जिंकणाऱ्या लढाईतही आपली माणसं का गमवायची, हा त्याचा विचार होता. शत्रू मागे फिरला, पाण्यापासून तुटला. वैरण नाही म्हणून त्यांना ओझ्याची जनावरं मारावी लागली. कोंडीच्या चौथ्या दिवशी चारा, पाणी, जळण, धान्य सगळ्याचीच टंचाई झाली आणि त्यांनी बोलणी मागितली.

हे लोक जिवावर उदार का झाले नाहीत? कारण जमिनीवरची वाट बंद असली तरी माफीची वाट उघडी होती. त्याआधी दोन्हीकडचे सैनिक एकमेकांच्या छावण्यांत ओळखीपाळखी काढत फिरले होते. पेट्रेयसने आपल्या तळात सापडलेल्या सीझरच्या सैनिकांना मारलं आणि आपल्या फौजेला न फुटण्याची नवी शपथ घ्यायला लावली. तिचा जोर पाणी तुटेपर्यंतच टिकला. सीझरने सरतेशेवटी एवढीच अट घातली : फौज मोडा आणि घरी जा. वारुस नदीपर्यंतचं धान्यही त्यानेच पुरवलं. माझ्या मते त्याच्या सगळ्या मोहिमांत हीच सर्वांत कसबी.

प्रश्न : रोमन सैनिकाला धान्य किती लागे? मोहिमेत नेमकं काय आधी संपत असे?

उत्तर : ग्रीक इतिहासकार पॉलिबियस पायदळाच्या सैनिकाला महिन्याला दोन तृतीयांश मेदिम्नोस (धान्याचं ग्रीक माप) गहू मिळे असं सांगतो. म्हणजे अंदाजे 27 किलो, दिवसाला 900 ग्रॅमच्या आतबाहेर. 5,000 लोकांच्या लीजनला (रोमन फौजेची मोठी तुकडी) रोज सुमारे साडेचार टन. पीठ लवकर खराब होतं, म्हणून गहू दाण्यांतच दिला जाई. तंबूतले आठ जण मिळून एक हातजातं वापरत आणि आपलं आपण दळत.

बहुतेक वेळा आधी संपे ती वैरण. गहू पाठीवर आणि गाड्यांवर नेता येतो. हिरवा चारा इतका लागतो की तो सोबत नेणं जमतच नाही. म्हणून मोहीम गवत उगवल्यावर सुरू होई, आणि चारा कापायला बाहेर पडलेली टोळी हे शत्रूचं आवडतं लक्ष्य असे.

पाण्याची नड सीझरच्या आधीचा रोमन सेनापती मारियस याने आधीच ओळखली होती. उत्तर आफ्रिकेतल्या कॅप्सा शहरावरच्या स्वारीत (इ.स.पू. 107) वाटेत खाण्यासाठीची गुरं तो रोज तुकड्यांना सारखी वाटून देई आणि त्यांच्या कातड्यांच्या पखाली करून घेई. सहाव्या दिवशी नदी आली तोवर पखालींचा ढीग झाला होता. तिथे बाकी सगळं सामान टाकून माणसांवर आणि जनावरांवर फक्त पाणी लादलं. फक्त रात्रीची चाल. तिसऱ्या रात्री, उजाडायच्या बऱ्याच आधी, फौज शहरापासून दोन मैलांवर दबा धरून बसली. पाणी नसलेला मुलूख हेच कॅप्साचं संरक्षण होतं, त्यामुळे पहारा ढिला होता.

प्रश्न : पळणाऱ्या तुकडीतला दहावा माणूस खरंच मारत?

उत्तर : हो, पण क्वचित. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांना दंडुक्यांनी मारलं जाई. बंडखोर गुलामांचा नेता स्पार्टाकस याच्याविरुद्ध लढताना पळालेल्या 500 जणांचे दहा-दहाचे 50 गट करून रोमन सेनापती क्रॅससने प्रत्येकातला एक मारला. अशा शिक्षेत उरलेल्यांना गव्हाऐवजी सातू मिळे आणि त्यांचा तळ तटाबाहेर पडे. सातू हे जनावरांचं खाणं, त्यामुळे रोज दळताना अपमान हाताशी येई. तटाबाहेर झोपणं त्याहून वाईट : रात्री हल्ला झालाच तर पहिला घाव त्यांच्यावर, आणि आड घ्यायला भिंत नाही.