वाचकांचे प्रश्न : विज्ञानाचे कपाट आणि अनुदानाचा हिशेब

प्रश्न : खानापूर तालुक्यात (जि. सांगली) जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा, पट 84. पूर्वी शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये मिळत, त्यातून विज्ञानाचे सामान येई. आता एकच अनुदान येते आणि वीजबिल, रंगरंगोटीत संपते. मी मे महिन्यात निवृत्त होतोय. मागच्यांसाठी काय घडी बसवून जाऊ?

उत्तर : गुरुजी, ते 500 रुपये सर्व शिक्षा अभियानातले. 2018 मध्ये त्याच्या जागी समग्र शिक्षा ही योजना आली आणि शाळेला एकच संयुक्त अनुदान मिळू लागले. 31 ते 100 पटाला 25,000 रुपयांपर्यंत. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे, म्हणजे हाती फार तर 22,500. पैसे हप्त्यांत आणि उशिरा आले की मार्चअखेर धावपळ होते. मग दुकानदाराकडे असेल ते घेतले जाते. कपाटात शोभणारे हृदयाचे मॉडेल येते, परीक्षानळ्या येत नाहीत.

जूनमधल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विज्ञान साहित्याचा स्वतंत्र ठराव घ्या, रकमेसह. अडीच-तीन हजार पुरतात. फुटणाऱ्या-संपणाऱ्या वस्तूंची नोंदवही वेगळी ठेवा. परीक्षानळी डेड स्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढली की फुटल्यावर निर्लेखनाचे, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचे, प्रकरण करावे लागते. त्या धास्तीने शिक्षक कपाटाला कुलूप लावतो, आणि दहा वर्षांनी नळ्या शाबूत, पण एकाही मुलाने हातात न घेतलेल्या.

चार गटांसाठी 24 परीक्षानळ्या, 4 चिमटे, 2 स्पिरिटचे दिवे आणि 4 तापमापी घ्या. तापमापी अल्कोहोलचीच घ्या, पाऱ्याची नको. तीव्र आम्ल या वर्गांना लागत नाही. व्हिनेगर आणि खायचा सोडा पुरे. आम्ल-आम्लारी ओळखणाऱ्या दर्शकासाठी सांगलीत हळदीला काय तोटा! चमचाभर हळद 50 मिली स्पिरिटमध्ये भिजवून गाळा, गाळणकागद बुडवून सावलीत वाळवा. आम्लारीत तो लाल होतो. मात्र आम्ल आणि साधे पाणी यांतला फरक हळद दाखवत नाही, त्यासाठी लिटमसच हवा.

पिष्टाच्या (स्टार्चच्या) परीक्षेसाठी लागणारे आयोडीनचे द्रावण बहुतेक जण उलट क्रमाने करतात. आधी 2 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड 10 मिली पाण्यात विरघळवा, त्यात 1 ग्रॅम आयोडीन, ते पूर्ण विरघळल्यावर 300 मिलीपर्यंत पाणी. आयोडीन थेट पाण्यात टाकले तर कितीही ढवळा, खडे तळाशीच. तपकिरी बाटलीत ठेवा. भाताची पेज थंड झाल्यावरच थेंब टाका. गरम पेजेत निळा रंग टिकत नाही आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो.

प्रश्न : पाटण भागातल्या हायस्कूलमध्ये पावसाळा संपला की सूक्ष्मदर्शकातून धूसर दिसते. नवा घ्यावा का?

उत्तर : घाई नको. नेत्रभिंग फिरवून पाहा. डाग सोबत फिरला तर दोष तिथेच. काचपट्टी सरकवल्यावर डाग सरकला तर काचपट्टी मळलेली. दोन्ही नसेल तर वस्तुभिंग पाहा. तुमच्याकडच्या पावसात तिथे बुरशी धरते. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग भिंगाच्या कागदावर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मध्यातून कडेकडे पुसा. थेट भिंगावर ओतू नका आणि वस्तुभिंग उघडू तर मुळीच नका. बुरशी आत गेली असेल तर दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

पेटीत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवा, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असते, म्हणून स्वयंपाकाचा तवा वापरू नका. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली सूक्ष्मदर्शकाच्या कपाटात नसावी. तिच्या वाफेने स्क्रू गंजतात, तराजूही जातो.

प्रश्न : माण तालुका. 1999 पासून विनाअनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, अनुदान नंतर टप्प्याटप्प्याने आले. निवडश्रेणी आणि पेन्शनचे काय?

उत्तर : या दोन्ही वरच्या वेतनश्रेण्या : वरिष्ठ श्रेणी 12 वर्षांच्या सेवेनंतर, निवडश्रेणी 24 वर्षांनी. पण निवडश्रेणीला प्रशिक्षण लागते आणि वरिष्ठ श्रेणीतल्या पदांच्या 20 टक्क्यांचीच मर्यादा आहे, त्यामुळे सेवाज्येष्ठता यादीतला क्रमांक आजच पाहा. जुन्या पेन्शनचा खरा प्रश्न 1 नोव्हेंबर 2005 या तारखेचा, कारण तेव्हापासून नेमलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्या दिवशी तुम्ही नोकरीत होता एवढे पुरत नाही, शाळेला किती टक्के अनुदान होते यावरच वाद आहे आणि तो न्यायालयात गेलेला आहे.

म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांचा वैयक्तिक मान्यतेचा (तुमच्या नेमणुकीला मान्यता देणारा) आदेश, अनुदानाच्या प्रत्येक टप्प्याचा आदेश आणि त्या-त्या वर्षाची संचमान्यता (शाळेच्या मंजूर पदांचा तक्ता) यांच्या साक्षांकित प्रती घ्या. सेवापुस्तकात सुरुवातीच्या विनाअनुदानित वर्षांच्या नोंदी कोऱ्या असतात किंवा मुख्याध्यापकांची सही राहिलेली असते. प्रकरण बहुधा तिथेच अडते. निवृत्ती 58 व्या वर्षी. तिला 2 वर्षे असतानाच सेवापुस्तक, शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली) आणि शाळा सोडल्याचा दाखला यांतले नाव व जन्मतारीख जुळवून घ्या.