दार लावलं की मांजर ओरडतं, म्हणून तिला माहेरी पाठवू नकोस

अगं, आधी हे सांगते की तुझ्या प्रश्नात लाजण्यासारखं काहीच नाहीये. मांजर पाळणाऱ्या कितीतरी जोडप्यांना हा त्रास होतो पण बोलत कोणी नाही, वेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, विचारायला संकोच वाटतो आणि आईला विचारायचा तर प्रश्नच नाही. तू विचारलंस ते बरं केलंस.

तुझं म्हणणं मला असं समजलं, की लग्नाला आठ महिने झालेत, वन बीएचके आहे, तुझी मांजर ठमी तीन वर्षांची, तू माहेराहून आणलीस आणि तिथे ती तुझ्याच पांघरुणात झोपायची. आता तुम्ही दोघं जवळ आलात की ती मधे येऊन बसते, खाली उतरवलं तर कपाटावर चढून टक लावून बघत राहते, मागच्या आठवड्यात तर नवऱ्याच्या पायाचा अंगठा रक्त येईपर्यंत चावली, आणि दार लावलं तर बाहेर असं भेसूर ओरडते की खालच्या काकूंनी सकाळी विचारलं, सगळं ठीक आहे ना म्हणून. नवरा म्हणतो तिला माहेरी ठेवून ये आणि सासूबाई म्हणतात पुढे मूल व्हायचं तर घरात मांजर नकोच.

मी सतरा वर्षं मांजरं पाळतेय, त्यातली पहिली सात वर्षं डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये काढलीत, किचनमध्ये सासूबाई झोपायच्या, खोलीत आम्ही आणि मधे एकच दार. त्यामुळे तुझी अडचण मला अगदी नेमकी कळते.

सगळ्यात आधी तो अंगठा. मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात, वरून जखम छोटी दिसते पण दात खोल गेलेला असतो आणि जंतू आत राहतात, म्हणून मांजराचा चावा कुत्र्याच्या चाव्यापेक्षा जास्त वेळा पिकतो. चावल्यावर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आठवडा झालाय, तरी त्याला दाखवून आणलं नसेल तर आजच घेऊन जा, ठमीच्या रेबीजच्या लसीची तारीख सोबत ने आणि तिची लस राहिली असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांग.

आता ती असं का करते. तुझा नवरा म्हणतो जळते ती माझ्यावर. मला तसं वाटत नाही. पांघरुणाखाली पाय हलतो तेव्हा मांजराला पाय दिसतच नाही, कापडाखाली काहीतरी सरपटतंय एवढंच कळतं, आणि दबा धरणं, मागचा भाग हलवून अंदाज घेणं, झेप, चावा हा सगळा क्रम तिच्या अंगातच असतो. तिने अंगठा चावला तो उंदीर म्हणून चावला, नवरा म्हणून नाही. दुसरं म्हणजे वास. अख्ख्या घरात तुझा वास सगळ्यात जास्त कुठे असेल तर तो तुमच्या गादीत, आणि मांजर गाल घासून, पंजे रोवून आपला वास ठेवतं ते अशाच जागी जिथे त्याला निर्धास्त वाटतं. आणि ऊब. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ डिग्री, आपल्याला उकडतं तिथे त्याला छान वाटतं. म्हणजे इतके दिवस जी जागा तिची होती, तुझ्या पोटाशी, पांघरुणात, तिथे आता दुसरं माणूस आहे, घर नवीन आहे, आणि नेमकं तुम्ही हालचाल करता, वेगळे आवाज येतात तेव्हाच तिला हाकललं जातं. ती मधे येऊन बसते कारण तिला तिची जागा हवीय.

त्या बघण्याबद्दल तू लिहिलंयस की अंधारात तिचे डोळे चमकताना दिसले की तुझा मूडच जातो. मांजराच्या डोळ्यात मागे आरशासारखा एक पडदा असतो, त्यामुळे आपल्याला लागतो त्याच्या साधारण एक षष्ठांश उजेडात त्याला दिसतं आणि डोळे चमकतात ते त्या पडद्यामुळेच. ती हालचाल बघते, तुम्ही काय करताय याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही. पण तुला अवघडल्यासारखं होतं ना, मग तेवढं कारण दार लावायला पुरेसं आहे. मी मांजरवेडी बाई आहे तरी मला मनापासून वाटतं की नवरा-बायकोला रात्री बंद दार मिळायलाच हवं आणि दार लावण्यात मांजरावर काही अन्याय होत नाही, फक्त ते दार तिला आधी शिकवावं लागतं. (काहींना मांजर खोलीत असलं तरी काही वाटत नाही, ते खुर्चीवर मुटकुळं करून झोपतं आणि विषय संपतो. तसं असेल तर काहीच करायला नको.)

दार शिकवायचं म्हणजे काय ते आमच्या बंड्या बोक्यावरून सांगते. आम्ही दार लावलं की तो बाहेर बसून दाराच्या फटीतून पंजा आत घालायचा, आधी पालथा, मग उताणा, पार कोपरापर्यंत, लादीवर नखं टिक टिक वाजायची. मी आतून दाराशी टॉवेल लावून ठेवायचे तर त्याचा कोपरा नखात धरून ओढायचा, टॉवेल हळूहळू सरकत जायचा आणि अर्धा बाहेर गेला की तो आवाज सुरू करायचा, बारीक नाही, पोटातून काढलेला. पलीकडे सासूबाई जाग्या होणार या धास्तीने मी उठून दार उघडायचे. कधी पाच मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी. दोन वर्षं आम्ही हेच केलं, आणि चूक नेमकी तिथेच होती.

मला हे एका वेट डॉक्टरांनी समजावलं. तुम्ही दार कधी उघडता कधी नाही, त्यामुळे तो शिकलाय की ओरडत राहिलं तर कधीतरी उघडतंच, वीस मिनिटांनी उघडलंत तर वीस मिनिटं ओरडायला तुम्हीच शिकवलंत. कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सगळ्यात चिवट असते, मांजराचीही आणि माणसाचीही. आणि दुसरं त्यांनी सांगितलं ते मला जास्त पटलं, की तुम्ही दार फक्त त्या रात्री लावता म्हणून ते दार त्याला संकट वाटतं. मांजराला आपल्या इलाख्यात फेरी मारून सगळं जागच्या जागी आहे ना हे बघायचं असतं, रोज उघडी असणारी खोली अचानक बंद झाली की ते हादरतं. दार रोज लावा, दिवसा लावा, विनाकारण लावा, म्हणजे ते दार साधं होईल.

मग मी दुपारपासून सुरुवात केली. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तीन-चार तुकडे बाहेर वाटीत ठेवायचे आणि त्याने तोंड घातलं की आत जाऊन दार लोटून घ्यायचं, तो खाऊन वर बघायच्या आत उघडायचं. मग एक मिनिट, मग तीन. तो शांत असतानाच उघडायचं, ओरडत असेल तर चार-पाच सेकंद तरी गप्प होईपर्यंत थांबायचं. आणि बाहेर आलं की लाडबिड काही नाही, सरळ आपल्या कामाला लागायचं, दार उघडणं हा सण नाही आणि दार लागणं हे सुतक नाही असं त्याला वाटलं पाहिजे. आम्हाला तीन आठवडे लागले. मधले चार-पाच दिवस तो आधीपेक्षाही जास्त ओरडला, हे तुला मुद्दाम आधीच सांगतेय कारण बहुतेक लोक तिथेच हार मानतात. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मांजर तीच युक्ती जोर लावून करून बघतं, आणि त्या दिवसात एकदा जरी उघडलंस तरी सगळं मुसळ केरात. खालच्या काकूंना आधीच सांगून ठेव, मांजराला सवय लावतोय, आठवडाभर आवाज येईल. एवढं सांगितलं की लोक समजून घेतात.

रात्रीचा क्रमही बदल. मांजराचं शरीर शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप या क्रमाने चालतं, आणि मुळात ते संध्याकाळी आणि पहाटे सगळ्यात जास्त जागं असणारं जनावर आहे. तुम्ही आठला तिला खायला देऊन टीव्ही बघत बसत असाल तर अकराला ती ताजीतवानी असणार. झोपायच्या अर्धा तास आधी तिला दहा-पंधरा मिनिटं दमव, काठीला दोरी आणि दोरीला पिसं असं खेळणं मिळतं, नाहीतर झाडूच्या हिराला सुतळी बांध, पण शेवटी तिला ते पकडू दे, नुसतं पळवून सोडून देऊ नकोस. लगेच रात्रीचं मुख्य जेवण. अंग चाटायला बसली की तिला तिच्या जागेवर ठेव आणि दार लाव. आणि ती जागा चांगली हवी गं, हॉलमध्ये थोडी उंचावर, तुझी माहेरची जुनी गोधडी असेल तर तिचा तुकडा घाल आणि तो धुऊ नकोस, त्यातला वास हेच तिचं घर आहे.

हे सगळं तुझ्या नवऱ्याने करायचं, तू नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका हाच लोक टाळतात. आत्ता ठमीच्या लेखी तो फक्त तिला उचलून खाली टाकणारा माणूस आहे आणि त्याच्या लेखी ती फक्त त्याच्या बायकोच्या मधे येणारं मांजर आहे. रात्रीचं खेळणं आणि वाटी त्याच्या हातात दे. त्याला सांग की तिच्याकडे रोखून बघू नको, बघितलंस तर डोळे हळू मिटून हळू उघड. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासलं होतं, माणसाने असे डोळे मिटले की मांजरंही तसंच करतात आणि अनोळखी माणसाजवळही यायला जास्त तयार होतात. आमच्याकडे बंड्या सहा महिन्यांनी माझ्यापेक्षा नवऱ्याच्या पायाशी जास्त झोपायला लागला. आणि तुझा नवरा म्हणाला ना, मांजर घराला जीव लावतं माणसाला नाही, ते खरं नाही. २०१९ मध्ये ओरेगॉन स्टेट विद्यापीठात मांजराच्या पिल्लांना अनोळखी खोलीत मालकासोबत दोन मिनिटं, मग दोन मिनिटं एकटं, मग परत मालकासोबत ठेवून बघितलं, साधारण ६४ टक्के पिल्लं मालक परत आल्यावर शांत झाली आणि निवांत खोली बघत फिरायला लागली. ठमीसाठी ते माणूस तू आहेस, म्हणूनच ती दाराशी रडते.

पण नवऱ्याचंही ऐक. तो मांजराचा दुष्मन नाहीये, त्याला बायकोसोबत अर्धा तास निवांत हवाय आणि दर वेळी तू त्याला सोडून ठमीकडे उठून जात असशील तर त्याला लागतं. मधेच ओरडली तर उठायचं नाही हे दोघांनी दिवसा बसून ठरवा, त्या क्षणी नाही. आम्ही तेच केलं नव्हतं, त्या दोन वर्षांत आमची जितकी भांडणं झाली त्यातली निम्मी बंड्यावरून नव्हतीच, मी दर वेळी उठते यावरून होती.

काय करू नकोस तेही सांगते. पाण्याचा फवारा नको, चप्पल दाखवणं नको, त्याने ती फक्त तुझ्या नवऱ्याला घाबरायला शिकेल. बाथरूममध्ये कोंडू नकोस. आणि बाल्कनीत तर अजिबात नाही, जाळी नसेल तर मांजर रात्री कबुतरामागे झेप घेतं आणि थेट खाली, उंचावरून पडलेली मांजरं मी स्वतः दवाखान्यात नेलीत, एक वाचली, एक नाही. कबुतराची नायलॉनची जाळी काही ठिकाणी मांजर दातांनी कातरतं, ती हाताने ओढून तपासत जा.

ठमीचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का ते लिहिलं नाहीस. झालं नसेल तर ते पहिलं, कारण माजावर आलेली मांजर दिवसरात्र तशीच भेसूर ओरडते, लादीवर लोळते, आणि आपल्याकडच्या हवेत हे वर्षातून कितीही वेळा होऊ शकतं. तिथे दाराची कितीही सवय लावलीस तरी उपयोग नाही.

सासूबाईंच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण त्यावरचा उपाय मांजर घालवणं नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या शीमधून येऊ शकतो आणि गरोदरपणात तो बाळाला धोकादायक असतो, पण तो शीमध्ये पडल्यावर लागण होण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून लिटर, म्हणजे तिच्या शी-शूच्या डब्यातली वाळू, रोज साफ झालं पाहिजे आणि दिवस राहिले की ते काम नवऱ्याचं. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेल्या भाज्या यांच्यातूनही तो येतो, त्याची काळजी मांजर नसलेल्या घरातही घ्यावीच लागते. तुझ्या गायनॅकशी बोल आणि सासूबाईंनाही सोबत ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांची भीती कमी होईल.

आणि एक, लिटर बॉक्स कुठे ठेवलाय? वन बीएचकेमध्ये बरेच जण बेडरूमच्या बाथरूममध्ये ठेवतात. तुझा तिथेच असेल तर दार लावल्यावर ती बाहेर अडकते, तिला जायचं असतं आणि जाता येत नाही, मग ओरडणार नाही तर काय करेल. तसं असेल तर आधी बॉक्स बाहेर हलव, रोज थोडा थोडा, पाणीही बाहेर ठेव, आणि ती नवीन जागी नीट जायला लागली की मगच दाराचं सुरू कर. बॉक्स कुठे आहे ते कळव, मग पुढचं सांगते.