रॅम मोकळी असताना लिनक्स स्वॅप का वापरतं? स्वॅप बंद करून टाकू का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे, त्यातली तीनेक जीबी मोकळी दिसतेय, तरी स्वॅपमध्ये, म्हणजे रॅममधला मजकूर काढून ठेवायच्या डिस्कवरच्या जागेत, दीड-दोन जीबी गेलंय, मग स्वॅप बंदच करून टाकू का. नका करू. स्वॅप किती भरलंय यावरून मशीन अडचणीत आहे की नाही ते कळतच नाही, आणि बंद केलंत तर त्रास वाढायचीच शक्यता जास्त.

आधी ते तिथे गेलं कसं ते बघा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरी साधारण ४ केबीच्या तुकड्यांमध्ये, म्हणजे पेजेसमध्ये, सांभाळतो आणि पेज टेबलात, म्हणजे कुठलं पेज कुठे आहे त्या तक्त्यात, प्रत्येक पेजच्या नोंदीत एक ॲक्सेस्ड बिट असतो. प्रोग्रामने पेजला हात लावला की प्रोसेसर तो बिट स्वतःच १ करतो, कर्नल मधूनमधून तो पुसतो आणि पुढच्या फेरीला बघतो की परत १ झालाय का, नसेल झाला तर ते पेज थंड पडलंय असं धरतो. म्हणजे तुमचा प्रोग्राम काय करतोय हे काहीही माहीत नसताना मुख्यतः या एका बिटावर सगळा अंदाज बांधायचा, आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो, मला ही गोष्ट खरंच फार आवडते. २०२२ च्या शेवटी आलेल्या ६.१ कर्नलमध्ये मल्टी-जेन एलआरयू, म्हणजे कुठली पेजेस बरेच दिवस वापरली नाहीत ते ठरवायची नवी पद्धत, आली, तिच्यात ॲक्टिव्ह-इनॲक्टिव्ह अशा दोनच याद्यांऐवजी पेजेसच्या पिढ्या ठेवतात.

आता समजा दुपारी तुम्ही एखादं व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवलंत, तेवढ्यापुरती रॅम कमी पडली, केस्वॅपडी, म्हणजे रॅम मोकळी करणारा कर्नलचा मदतनीस, जागा झाला आणि त्याने लॉगिन झाल्यावर एकदाच वापरलेली, नंतर कोणी न विचारलेली पेजेस बाहेर काढली. पुढे व्हीएम बंद झालं, रॅम मोकळी झाली, पण ती पेजेस कोणी मागितलीच नाहीत तर कर्नल आपणहून परत का आणेल? म्हणून मोकळी रॅम आणि भरलेलं स्वॅप एकाच वेळी दिसतं. शिवाय पेज परत आलं तरी स्वॅपमधली प्रत बऱ्याचदा तशीच ठेवतात, म्हणजे पेज बदललं नसेल तर पुढच्या वेळी पुन्हा लिहायला नको.

बघायचं असेल तर येणं-जाणं बघा. व्हीएमस्टॅट ही मेमरीची हालचाल दाखवणारी कमांड एकेक सेकंदाने चालू ठेवा, पहिली ओळ सोडून द्या कारण ती बूट झाल्यापासूनची सरासरी असते, आणि पुढे एसआय (स्वॅपमधून रॅममध्ये येणारं) आणि एसओ (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) हे दोन कॉलम बघत बसा. दोन्हीकडे शून्य येत असेल तर तुमचं ते दीड-दोन जीबी नुसतं पडून आहे, कोणाला नडत नाही. एसआय सतत हलतोय आणि मशीन अडखळतंय, मग मात्र रॅम खरंच कमी पडतेय.

स्वॅप बंद केलं की काय होतं हे बरेच लोक लक्षात घेत नाहीत. प्रोग्रामने स्वतः मागून घेतलेल्या मेमरीला, म्हणजे अनॉनिमस पेजेसना, ठेवायला स्वॅपशिवाय दुसरी जागाच नसते, त्यामुळे ती कितीही थंड पडली तरी रॅममध्येच अडकून राहतात. मग ओढाताण झाली की कर्नलला फाइल कॅशच, म्हणजे डिस्कवरून वाचून रॅममध्ये ठेवलेल्या फाइल्सच, काढाव्या लागतात आणि त्यात चालू प्रोग्रामचा कोडही असतो, तो फेकायचा, लगेच परत डिस्कवरून वाचायचा, पुन्हा फेकायचा. स्वॅप नसतानाही डिस्कचा दिवा जळत राहतो आणि माउस हलत नाही तो यामुळे.

स्वॅपिनेस ही कर्नलची सेटिंग ६० म्हणजे ६० टक्के रॅम भरल्यावर स्वॅप सुरू होतं, हे सगळीकडे लिहिलेलं दिसतं पण ते चूक आहे. फाइल कॅश काढणं आणि अनॉनिमस पेज काढणं यातलं काय किती महाग पडतं, त्याचा तो तौलनिक आकडा आहे, आणि ५.८ कर्नलपासून तो २०० पर्यंत देता येतो.

थंड पेजेस बाजूला काढायचं हेच काम मोठ्या डेटा सेंटरमध्ये तर मुद्दाम करतात. गुगलने २०१९ मध्ये त्यांच्या मशीन्सबद्दल पेपर काढला होता, १२० सेकंद हात न लागलेलं पेज थंड धरलं तर सरासरी ३२ टक्के वापरातली मेमरी थंड निघाली, त्यातला काही भाग त्यांनी झेडस्वॅप या कर्नलच्या सोयीने कॉम्प्रेस करून रॅममध्येच ठेवला. सीएक्सएल या जोडणीवरून बाहेरून लावलेली हळू मेमरी असेल तर ५.१५ कर्नलपासून पेज थेट तिकडे उतरवायची सोय आहे, आणि ५.१८ पासून गरम झालेलं पेज परत वर आणायचीही.

तुमच्यासाठी याची घरगुती आवृत्ती म्हणजे झेडरॅम, म्हणजे रॅममध्येच कॉम्प्रेस करून ठेवलेलं स्वॅप. एनव्हीएमई एसएसडीवरून पेज आणायला शंभरेक मायक्रोसेकंद लागतात, कॉम्प्रेस केलेलं उलगडायला साधारण काही मायक्रोसेकंदच. झेडरॅम लावलंत तर स्वॅपिनेस १०० च्या वर न्यायला हरकत नाही, आणि त्याला डिस्कवरच्या स्वॅपपेक्षा जास्त प्रायॉरिटी द्या. फक्त हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं, वापरत असाल तर डिस्कवरचं स्वॅप काढू नका, झेडरॅम रॅममध्येच असल्यामुळे वीज गेली की तेही गेलं.