वाचकांचे प्रश्न : जुन्या चर्चच्या भिंतीला ओल

प्रश्न : आमच्या गावात एकोणिसाव्या शतकातले छोटे, बिनमनोऱ्याचे चर्च आहे. दगडी भिंतींना काही वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. आता खालचे तीन फूट पोपडे सुटतात, पांढरी पूड येते. पुन्हा सिमेंट करावे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कृपा करून करू नका. चुन्यात रचलेल्या अशा जुन्या भिंतींच्या पायात ओल अडवणारा थर सहसा नसतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जाते. सिमेंटने ती वाट बुजते. मग क्षार आतच साठतात आणि गिलावा ढकलतात.

सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढा. ब्रेकर लावू नका, दगड हलतात. सांधे 20-25 मिमी खरवडा. कळीचा चुना (भट्टीतून आलेले, पाणी न लागलेले खडे) पाण्यात विरवून, गाळून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरवा. 1 भाग चुना, 3 भाग धुतलेली वाळू. खाडीची वाळू नकोच, तिच्यात मीठ असते! गिलाव्याचा थर 10 मिमीपेक्षा जाड नको, नाहीतर तडे जातात. आठवडाभर ओले गोणपाट ठेवा. काम दिवाळीनंतरच काढा.

त्याआधी छप्पर बघा. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी पडत असेल तर आधी चर काढा. कौले मंगलोरी असतील तर ती 1865 नंतरची, कारण बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कौलांचा कारखाना त्या साली सुरू झाला. चर्च त्याहून जुने असेल, तर मूळ छप्पर बदललेले आहे.