उघड्या डोंगरांत काय बघायचं? स्पितीविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात काढलेल्या बारा दिवसांबद्दल लिहिलं होतं. त्यावर खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. पुष्कळ प्रश्न एकसारखे होते, म्हणून त्यांतले काही निवडून उत्तरं देते.

आमच्याकडे जांबोटी आहे, कणकुंबी आहे, चोर्ला घाट आहे. पावसाळ्यात डोळे निवतात. मग एवढा पैसा आणि वेळ घालून जिथं झाडसुद्धा नाही असे डोंगर कशाला बघायचे? – एक वाचक, खानापूर

पहिल्यांदा निघाले तेव्हा आईनं मला हेच विचारलं होतं. तेव्हा उत्तर नव्हतं, आता आहे. तुम्ही खानापूरचे आहात, म्हणूनच जा.

आषाढात कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी उभं राहिलं तर छत्रीचा काही उपयोग होत नाही. त्याच दिवशी अथणीकडचा शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो. बेळगाव जिल्हा एकच, पण ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि पूर्वेला पर्जन्यछाया उरते. स्पिती म्हणजे या गोष्टीचं शेवटचं टोक. पीर पंजाल आणि हिमालयाची मुख्य रांग ढगांना अडवते, पलीकडे मोसमी पाऊस जेमतेम पोचतो. जे पाणी मिळतं ते बहुतेक हिवाळ्यात पडलेल्या बर्फाचं. आपण पावसानं घडवलेला मुलूख रोज बघतो. पावसाविना घडलेला मुलूख कसा असतो हे तिथं दिसतं. डोंगर उघडे असल्यामुळे खडकांचे थर, त्यांच्या घड्या, त्यांचे तांबडे, करडे, जांभळट रंग सगळं समोर असतं. हिरवळीखाली आपला सह्याद्री हे कधी दाखवत नाही.

ताबो गावात शिरले आणि पहिल्यांदा लक्ष गेलं घरांकडे. जाड मातीच्या भिंती, वर सपाट मातीचं छप्पर. हे तर माळवद! खानापुरात उतरती कौलं आणि विजयपूरकडे माळवदं का, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. तिथल्या लोकांनी आपल्याशी काही संबंध नसताना तेच उत्तर शोधलं आहे. छपरावर जळणाच्या काटक्या आणि वाळलेला चारा रचलेला असतो, कारण पुढचे पाच-सहा महिने त्यावरच काढायचे असतात. शेतात जव आणि वाटाणा. पाणी वितळत्या बर्फाचं, चरांतून वळवून आणलेलं. त्या चराला ते कूल म्हणतात, आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. आपल्याकडच्या पाटकऱ्याला हे सगळं बघता क्षणी कळेल.

आणि ताबोचा बौद्ध मठ. इसवी सन 996 मधला, बाहेरून बघितला तर मातीचे साधे ढिगारे. आत अंधार. हातातल्या विजेरीचा झोत भिंतीवर पडतो आणि हजार वर्षांपूर्वीची चित्रं एकेक करून पुढे येतात. भिंतीलगत मातीत घडवलेल्या मूर्ती अधांतरी बसल्यासारख्या दिसतात. ताबोला हिमालयातलं अजिंठा म्हणतात ते उगीच नाही. फोटो काढायला मनाई आहे, आणि ते बरंच आहे. माणसं शांतपणे बघत राहतात. पण मातीची छपरं पावसासाठी बांधलेली नसतात. एखाद्या वर्षी अवेळी जोराचा पाऊस आला की पाणी झिरपून चित्रांवर ओघळ येतात. हे बघताना माझा जीव तुटला. म्हणून सांगते, जायचं असेल तर फार लांबणीवर टाकू नका.

आम्ही दोघंही शाळेत शिक्षक. मे महिन्याच्या सुट्टीत जाता येईल का? – निपाणी

मे महिन्यात सिमला-किन्नौरकडून काझापर्यंत, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावापर्यंत, पोचता येतं, पण मनालीच्या वाटेवरची कुंझुम खिंड बहुधा बर्फानं बंद असते. म्हणजे चंद्रताल सरोवर आणि मनालीचा रस्ता नाही. आल्या वाटेनं परतायचं. वरच्या गावांत शेतं नुकतीच नांगरलेली असतात.

तुमच्या जागी मी असते तर दसऱ्याची सुट्टी निवडली असती. आपल्याकडच्या शाळांना कर्नाटकच्या वेळापत्रकाप्रमाणे दसऱ्याला सलग दिवस मिळतात, याचा फायदा घ्या. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आभाळ निळंशार असतं, नदीकाठची झाडं पिवळी झालेली असतात आणि वाटेत किन्नौरमध्ये सफरचंदांची तोडणी चाललेली असते. रात्री पारा शून्याखाली उतरतो, तेव्हा गरम कपड्यांत काटकसर नको. दसरा उशिरा आला तर खिंड उघडी आहे का हे निघण्याआधी विचारून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये खोरं कोरडं असलं तरी तिथवरचे रस्ते पावसाच्या मुलखातून जातात आणि दरडी कोसळतात. जुलै 2023 मध्ये चंद्रतालला शेकडो पर्यटक अडकले होते. त्या दोन महिन्यांत मी कुणाला पाठवणार नाही.

माझं वय 62, पत्नीला रक्तदाबाचा त्रास आहे. मुलगा म्हणतो मनालीहून एका दिवसात काझा गाठू. झेपेल का? – चिकोडी

मुलाला हे उत्तर वाचायला द्या. मनालीहून जाऊ नका.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. काझा सुमारे 3,650 मीटरवर, आणि तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. श्वासागणिक प्राणवायू तितकाच कमी. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे, आणि तिथून त्याच दिवशी साडेचार हजार मीटरच्या वरची कुंझुम खिंड ओलांडावी लागते. ऑक्टोबर 2020 मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला तेव्हापासून हा प्रवास आणखी झटपट होतो. शरीराची गती मात्र तीच आहे. मी पहिल्या खेपेला याच वाटेनं गेले आणि काझातली पहिली रात्र डोकं गच्च धरून, ओकाऱ्या काढत घालवली. तेव्हा मी पस्तिशीची होते. वय कमी आणि तब्येत धडधाकट असली म्हणून विरळ हवा सोडत नाही.

तुम्ही सिमल्याकडून जा. एक मुक्काम सिमला, दोन कल्पा (2,960 मीटर), दोन ताबो (3,280 मीटर), मग काझा. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम इथं आपोआप पाळला जातो. लांग्झा, हिक्किम, कोमिक ही सव्वाचार हजार मीटरच्या वरची गावं दिवसा बघून काझाला परत या.

निघण्याआधी दोघंही आपल्या डॉक्टरांना भेटा. उंचीवर पहिल्या काही दिवसांत रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे गोळ्यांचा डोस त्यांनाच विचारा. उंचीच्या त्रासावरची अॅसिटाझोलामाइडची गोळीही त्यांच्या सल्ल्यानंच. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर आणखी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न बघता रात्रीच खाली उतरा. गाडीवाल्याला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

बेळगावहून जायचं कसं? तिथं बस मिळते का? – वडगाव, बेळगाव

वास्कोहून येणारी गोवा एक्सप्रेस बेळगावहून थेट दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनला नेते. दोन रात्री आणि मधला एक दिवस. तिथून बसनं सिमला, पुढे रेकाँग पिओ. रेकाँग पिओहून काझाला हिमाचल परिवहनची बस आहे. खिडकीची जागा मिळाली तर सतलजच्या दरीचा तो रस्ता आयुष्यभर लक्षात राहील. काझात आपल्या वडापसारख्या वाटून घ्यायच्या गाड्या मिळतात. रोकड सोबत ठेवा. मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, घरी तसं आधीच सांगा.

शाकाहारी जेवणाचे हाल होतात का? – शहापूर, बेळगाव

नाही. डाळ-भात, राजमा, भाज्या घातलेला थुक्पा (नूडल्सचं तिबेटी सूप) सगळीकडे मिळतो. घरगुती मुक्कामात जवाचं सातू आणि मीठ-लोण्याचा चहा नक्की घ्या. चहा समजून पिऊ नका, सार समजून प्या, म्हणजे आवडेल. वाटेसाठी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. त्या कोरड्या हवेत भाकरी आठवडाभर कुरकुरीत राहिली, आणि लांग्झाच्या आमच्या घरमालकिणीनं चटणी मागून घेतली.

लांग्झाला समुद्री जीवांचे दगड सापडतात म्हणे. एखादा आणता येईल का? – भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी, बेळगाव

सापडतात, आणि तुझ्या विषयासाठी त्याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. तिथं पूर्वी टेथिस समुद्र होता. भारताचा भूभाग आशियाला भिडला, तळ उचलला गेला आणि गाळाचे थर साडेचार हजार मीटरवर पोचले. त्यांत अमोनाइट सापडतात, चक्राकार शंखांचे जीव. आपल्या देवघरातला शाळिग्राम आठव. गंडकीच्या काठचा तो दगडही अमोनाइटचाच. आजीच्या देव्हाऱ्यातली गोष्ट डोंगराच्या अंगावर बघायला मिळते. बेळगावच्या काळ्या पाषाणात तू हे शोधू शकणार नाहीस, कारण तो लाव्हारसाचा.

आणू मात्र नकोस, विकतही घेऊ नकोस. लहान मुलं दगड पुढे करतात, मन विरघळतं. पण आपण घेतले की दुसऱ्या दिवशी ती शाळा बुडवून खणायला जातात. फोटो काढ, चित्र काढ, मोजमाप लिहून घे.

गुडघ्यांमुळे आम्हा दोघी बहिणींना एवढा प्रवास शक्य नाही. जवळपास असं काही आहे का? – टिळकवाडी

डोंगर नाहीत, पण मठ आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडला 1966 पासून तिबेटी वसाहत आहे, हुबळीहून गाडीनं तास-दीड तास. तिबेटमधले गांदेन आणि द्रेपुंग हे मोठे मठ तिथं पुन्हा उभे राहिले आहेत. ताबो आणि स्पितीतल्याच ‘की’ गावातले मठ तिबेटी बौद्ध धर्माच्या ज्या गेलुग परंपरेतले, त्याच परंपरेतले हे. सकाळी निघालात तर निवांत बघून होईल. जमलं तर भिक्षूंच्या वादसभेची वेळ विचारून घ्या: अंगणात एकजण बसलेला, दुसरा उभा राहून प्रश्न टाकतो आणि प्रश्न संपता संपता पाय आपटून जोरात टाळी वाजवतो. भाषा कळली नाही तरी तासभर हलावंसं वाटत नाही. बसायला ओटा असतो.