ओडीबीसीची टेस्ट यशस्वी होते, पण क्रिस्टल रिपोर्ट्सच्या यादीत डीएसएन दिसतच नाही. काय करावं?

ओडीबीसी म्हणजे प्रोग्रामला डेटाबेसशी जोडायची विंडोजमधली पद्धत, आणि डीएसएन म्हणजे त्या जोडणीची एका नावाखाली साठवलेली माहिती. तुम्ही लिहिलंय त्यानुसार मशीन ६४-बिट विंडोज १०, रिपोर्ट बनवायचा प्रोग्राम म्हणजे डिझायनर क्रिस्टल रिपोर्ट्स २०१६, ईआरपीचा (कंपनीचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर. सिस्टिम डीएसएन तयार केला, टेस्टही झाली, तरी डेटाबेस एक्स्पर्टमध्ये ओडीबीसी उघडल्यावर ते नाव यादीत नाही.

टेस्ट होतेय म्हणजे नेटवर्क, फायरवॉल, पासवर्ड सगळं जागेवर आहे. तिथे वेळ घालवू नका, आणि क्रिस्टल काढून पुन्हा इन्स्टॉल करायचा विचार तर आधी सोडून द्या. क्रिस्टल रिपोर्ट्स २०१६ चा डिझायनर ३२-बिट आहे आणि तुमचा डीएसएन जवळजवळ नक्कीच ६४-बिट बाजूला तयार झालाय.

६४-बिट विंडोजमध्ये सिस्टिम डीएसएन दोन वेगळ्या ठिकाणी साठतात. ६४-बिटचे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठतात तिथे) एचकेएलएम या मुख्य कीखाली सॉफ्टवेअर\ओडीबीसी\ओडीबीसी.आयएनआयमध्ये, ३२-बिटचे त्याच रचनेत, पण वॉव६४३२नोडच्या आत. ३२-बिट प्रोग्रामला विंडोज परस्पर दुसऱ्या जागी वळवतं, त्यामुळे पहिली जागा त्याला दिसतच नाही. वर नावांचा घोळ असा की सिस्टिम३२ फोल्डरमध्ये ६४-बिट फाइली असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२-बिट. ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटरच्या एक्सईचं नाव दोन्हीकडे ओडीबीसीएडी३२ हेच. चांगले अनुभवी लोकही इथे फसतात.

स्टार्ट मेनूत ओडीबीसी टाइप केलं की डेटा सोर्सेसच्या दोन नोंदी येतात. त्यातली ३२-बिट उघडा आणि टायटल बारवर ३२-बिट लिहिलंय ना ते बघा. सिस्टिम डीएसएन टॅबमध्ये प्लॅटफॉर्म नावाचा कॉलम आहे, तो नीट वाचा. विंडोज ८ पासून या यादीत दोन्ही बाजूंचे डीएसएन एकत्र दिसतात, म्हणून 'आहे की इथे' असं वाटतं. पण तुमच्या नावापुढे ६४-बिट असेल आणि त्यावर क्लिक केल्यावर कॉन्फिगर बटण फिकट होत असेल, तर क्रिस्टलच्या लेखी तो डीएसएन अस्तित्वातच नाही.

मग इथेच ॲड करून नवा डीएसएन करा, नाव अक्षरन् अक्षर तेच ठेवा. नाव तेच राहिलं की जुन्या रिपोर्टांमध्ये सेट डेटासोर्स लोकेशन करत, म्हणजे डेटा कुठून घ्यायचा ते नव्याने दाखवत, बसावं लागत नाही. क्रिस्टल बंद करून पुन्हा उघडा, नाव यादीत येईल.

रजिस्ट्रीतली की एक्स्पोर्ट करून दुसरीकडे चिकटवायचा शॉर्टकट मी सुचवणार नाही. डीएसएनची की कॉपी होते, पण ओडीबीसी डेटा सोर्सेस या सबकीमधली नोंद राहून जाते, आणि यादी तिथूनच भरते.

ॲड केल्यावर हवा तो ड्रायव्हरच (त्या डेटाबेसशी बोलणारा ओडीबीसीचा भाग) दिसला नाही तर ३२-बिट ड्रायव्हर इन्स्टॉल झालेला नाही. एसक्यूएल सर्व्हरसाठी मायक्रोसॉफ्टचा ६४-बिट इन्स्टॉलर दोन्ही ड्रायव्हर टाकतो. ओरॅकलचा ३२-बिट क्लायंट मात्र वेगळा घ्यावा लागतो. एसएपीच्या हाना डेटाबेसमध्ये ३२-बिट ड्रायव्हरचं नावच वेगळं, एचडीबीओडीबीसी३२. एक सांभाळा: एसक्यूएल सर्व्हरचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ एन्क्रिप्शन आपोआप चालू ठेवतो, १७ ठेवत नाही. जुना डीएसएन १७ वर आणि नवा १८ वर केला तर सर्टिफिकेटची एरर येऊ शकते. सर्व्हरवर विश्वासार्ह सर्टिफिकेट बसवणं हा खरा उपाय. ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेटची खूण फक्त तात्पुरती.

तुमचा दुसरा प्रश्न: रिपोर्ट डिझायनरमध्ये चालतो, पण रिपोर्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर शेड्यूल केल्यावर आयएम००२ ही एरर येते. या कोडचा अर्थ त्या नावाचा डीएसएन त्या प्रोसेसला सापडला नाही. हा सर्व्हर म्हणजे वेगळं मशीन, तिथे डीएसएन वेगळा करावाच लागतो. युजर टॅबमध्ये केला असेल तर तो फक्त तुमच्या लॉगिनपुरता असतो, सर्व्हिस दुसऱ्या अकाउंटवर चालते, म्हणून सिस्टिम डीएसएनच करा. त्याच सर्व्हरवर ३२ आणि ६४-बिट दोन्ही प्रकारच्या प्रोसेस चालत असतील तर दोन्हीकडे एकाच नावाने. कुठली प्रोसेस कोणती आहे ते टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये प्लॅटफॉर्म कॉलम चालू केला की कळतं. आयएम००२ ऐवजी आयएम०१४ आली तर शोधायला नको, बिटचाच मेळ बसलेला नाही.

त्यानंतरही अडलं आणि १८४५६ नंबरची लॉगिन एरर आली, तर डीएसएन सापडलाय, लॉगिन नाकारलं गेलंय. विंडोज ऑथेंटिकेशन निवडलं असेल तर तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटरमधून केलेली टेस्ट तुमच्या अकाउंटने होते आणि शेड्यूल सर्व्हिसच्या अकाउंटने. त्या अकाउंटचं लॉगिन एसक्यूएल सर्व्हरवर तयार करून ईआरपीच्या डेटाबेसवर फक्त वाचायचा हक्क द्या, रिपोर्टांना सहसा त्याहून जास्त लागत नाही.